ठकू लोहारणीचा विस्तव

आपल्या पणज्यांनाही दुधाचे दात यायचे होते, इतक्या मागची ही गोष्ट. उंबरओहळ गावात गाठीचा ताप आला. आधी घरोघरी उंदीर पडले, मग माणसं. अर्धं गाव भिऊन ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहिलं. उरलेलं म्हणालं, देवीचा कोप आहे, तिला सोडून जायचं नाही. माळावरचे गावातल्यांना अडाणी म्हणत, गावातले माळावरच्यांना पळपुटे. ओढ्याला पाणी घोटाभर, पण ते ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

ओढ्याकाठी ठकू लोहारणीची भट्टी होती. नवरा मागेच गेलेला. भाता तीच ओढायची, घणही तीच मारायची. बाई तोंडाची फटकळ, पण विस्तवाला कुणाला नाही म्हणाली नाही. तेव्हा काडेपेटी कुठली? चूल विझली की शेजारी विस्तव मागायचा. आता शेजारी दारच उघडेनात. माळावर तर झोपड्या पेटतील या धास्तीने चुली रोज विझवत. म्हणून ठकू एका सकाळी खापरात निखारे घेऊन माळाकडे निघाली.

पलीकडे भिवा उभा होता. त्याची बायको आदल्याच दिवशी झोपडीत बाळंत झाली होती. पौषाची थंडी, आणि शेकायला विस्तव नाही. ठकूने पाण्यात पाय घातला, तसा तो ओरडला,

"मावशे, म्होरं येऊ नगंस! पोर कालचं हाय माझं!"

आणि हातातला धोंडा सुटला. ठकूचं कपाळ फुटलं.

देवीचा पुजारी गुणाजी गुरव अलीकडून बघत होता. तो खवळला. "मरू दे त्यास्नी गारठून!"

ठकू पदराने रक्त पुसत म्हणाली, "गुणाजी, त्याचा हात कापत हुता रं. भ्यालेल्यावर काय चिडायचं? लेकराला शेक नगं व्हय?"

तिने खापर ओढ्यातल्या सपाट खडकावर ठेवलं, मागे सरली, आणि भिवाने ते उचलेपर्यंत पाठ फिरवून बसली. दुसऱ्या दिवसापासून ठकू खडकावर दोन खापरं ठेवू लागली, एक माळासाठी, एक गावासाठी. माळाच्या खापरावर कडुलिंबाचा पाला, धुराने रोग मरतो असं त्यांना वाटे म्हणून. गावाच्या खापराला देवीचा अंगारा. विस्तव एकाच भट्टीचा. असं म्हणतात, अवकाळी पाऊस कोसळला, तरी ते निखारे विझले नाहीत.

मग एका सकाळी खडक रिकामा. भट्टीला धूर नाही. ठकूलाच ताप भरला होता.

भिवा बराच वेळ काठावर घुटमळला. मग त्याने बाळंतिणीच्या शेकासाठी राखेत जपलेला विस्तव खापरात घेतला आणि पाण्यात उतरला. ठकूच्या दारात पोचतो तर तिथे गुणाजी, त्याच्याही हातात खापर. दोघेही खापरं धरून दारातच उभे.

आतून ठकूचा खोल गेलेला आवाज आला, "हुबं काय ऱ्हायलाय? घाला भट्टीत. गुणाजी, भाता वढ. भिवा, तू लांबच बस बाबा, घरात लेकरू हाय."

भिवा उंबऱ्याबाहेर बसून ढसाढसा रडला. भट्टी पेटली. असं म्हणतात, त्या रात्री तिचा उजेड पार माळावर पडला, आणि त्या उजेडातच ठकू गेली. त्यानंतर गावात कुणाला गाठ आली नाही.

अजूनही पौषात एक दिवस उंबरओहळात चुली विझवतात, गॅससुद्धा. भिवाच्या आणि गुरवाच्या घरची माणसं मिळून खडकावर निखारे मांडतात. ज्याच्याशी आपलं बोलणं नाही, त्याच्या दारात आधी विस्तव ठेवायचा, मागे सरायचं आणि पाठ फिरवायची. आतल्याला दार उघडायला कितीही वेळ लागो. ठेवणारा थंडीत उभा राहतो.