डोहवाडीचा बिनतेलाचा देव

फार फार वर्षांपूर्वी, डोहवाडीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी कमरेएवढा एक खडबडीत दगड होता. नाव सोडली की तिचा दोर त्या दगडाला एक वेढा देऊन हळूहळू सैल करत. दगड नाव धरतो, म्हणून गावाने त्याला देव केलं आणि दर शनिवारी तेल-शेंदूर चोपडायला सुरुवात केली.

गावाचे दोर वळायची धुरपा. तिच्या तळहातांना दोराची भाषा कळायची, असं म्हणतात.

"पाटील, देवाला खरखरीतच राहू द्या," ती म्हणाली. "त्याचे दात दोराला चावतात, म्हणून नाव थांबते. तेलानं दातच बुजले की!"

"धुरपे, तू दोर वळ. देवाचं आम्ही बघतो," पाटील म्हणाले आणि अख्खा पार हसला.

मग आला तो दिवस! नावेत वऱ्हाड होतं, नवी नवरी होती, आणि वल्ह्यावर धुरपाचा नवरा गोंदा. नाव मधोमध असताना पूर आला. झाडं उभीच्या उभी वाहत होती, असं म्हणतात. आणि खाली हाकेच्या अंतरावर धबधबा! दहा गड्यांनी दोर धरला. पण तेलकट दगडावरून तो सापासारखा सुळसुळत निघाला आणि गडी चिखलात फरफटले.

धुरपा धावली. ओंजळी भरभरून वाळू घेतली आणि देव घासून काढला.

"अगं, देव बाटवलास!" पाटील ओरडले.

"दात मोकळे केले त्याचे! बघता काय रे गड्यांनो? दोर धरून प्रदक्षिणा घाला!"

पहिल्या फेरीला दोर करकरला. दुसरीला धूर निघाला. तिसरीला नाव जागच्या जागी उभी!

"आता सोडा हात."

कुणाची छाती होईना. धुरपाने टोक स्वतःच्या डाव्या हातात घेतलं. प्रत्येक वेढ्यागणिक पकड कितीतरी पटींनी वाढते, हे त्या हाताला ठाऊक होतं. पूर ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. दगड इतका तापला होता की त्यावर भाकरी भाजली असती, असं म्हणतात.

गोंदा काठावर उतरला. "एका हातानं धरलंस मला?"

"दुसऱ्यानं घाम पुसत होते," धुरपा म्हणाली.

आजही डोहवाडीच्या त्या देवाला तेल चालत नाही. लग्न झालं की नवी सून मूठभर वाळूने त्याला घासते, दोराचे तीन वेढे घालते आणि टोक डाव्या हातात धरते. पलीकडून दहा गडी ओढतात. दातओठ खाऊन ओढतात.

सून हसत उभी असते.