ताट अडवून बसलेले थोमा वडील

फार वर्षांपूर्वी, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळावर कौलं नव्हती, नुसतं गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा बैलगाडीनं यायचे, प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची, भाकरी द्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. मधल्या दिवसांत सगळ्यांच्या जिवाची काळजी थोमा वडिलांवर. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला जाणता माणूस.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते घरोघर फिरत. दोन जावा भांडलेल्या असल्या तर त्यांना एका ताटात जेवायला बसवत. "आधी घास घ्या, मग तोंडं फुगवा," म्हणत. उंबऱ्यावर पाय ठेवताच त्यांना कळायचं, कुणाच्या पोटात काय जळतंय, असं म्हणतात.

पण त्यांच्याही हातून एकदा चुकलं.

सगुणाबाई म्हणून एक विधवा होती. तिनं भजन उचललं की झाडावरची पाखरं गप्प होत, असं म्हणतात. तिची एकुलती लेक तापानं फणफणली. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं डोंगरावरच्या देवीला नारळ वाहिला. पोर काही वाचली नाही. आणि पुढच्या प्रभुभोजनाला वडिलांनी, दुसऱ्या देवाला नारळ वाहणाऱ्याला भाकरी नाही हा नियम म्हणून, भाकरीचं ताट तिच्यापुढून तसंच नेलं. सगुणाबाई उठली नि निघून गेली.

मग रविवारी भजन कुणालाच उचलता येईना. वडील तिच्या अंगणात जाऊन बसले. ती दार उघडीना. वैशाखातलं ऊन, पण तीन दिवस लिंबाची सावली त्यांच्यावरून हलली नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "नियम सांगायला आलात? सांगा नि उठा. ऊन लागून मरायचात, तेही माझ्या दारात!"

"नियम नाही गं बाई. तू पोरीला मांडीवर घेऊन चार दिवस बसलीस. मी एकदाही आलो नाही."

"कुठं होतात?"

"पाळकसाहेब यायचे होते. देवळाची भिंत सारवत होतो."

तेव्हा सगुणाबाई रडली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. दार मात्र उघडलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला वडिलांनी ताट अडवलं. "साहेब, माझ्यापायी एक जण उपाशी आहे. ती घेईल, मग मी."

"आणि आलीच नाही तर?"

"तर मीही उपाशी."

कुणीच घास घेतला नाही. ऊन कललं, गाडीला जुंपलेले बैल सोडावे लागले. ताटातली भाकरी मात्र सकाळसारखीच मऊ राहिली, असं म्हणतात. दिवेलागणीला सगुणाबाई देवळाच्या दारात आली.

"अजून बसलात सगळे? भुका नाही लागल्या?"

वडील ताट घेऊन स्वतः तिच्यापाशी चालत गेले.

आजही आमच्याकडे कुणी आजारी पडलं की मंडळीचे वडील आधी तिथं जातात, देवळाची कामं मागाहून. आणि भाकरी ते सगळ्यांच्या शेवटी घेतात, तीही दाराकडे एकदा बघून. गेल्या खेपेला आमचे शांतवन वडील जरा जास्तच थांबले. मला राहवलं नाही, मीही मान वळवून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तरी ते थांबले होते.