पहिल्या मानाचा नारळ

चपला इथेच काढा आणि आत या. देवीकडे सगळेच बघतात, तुम्ही आधी तिच्या पायाखाली बघा. कातळोशीची खडकाई म्हणतात ती हीच. तिच्या पायाखाली रेडा पडलाय आणि रेड्याच्या कापलेल्या मानेतून असुर निम्मा बाहेर आलाय. महिषासुर तुम्ही पुष्कळ देवळांत बघितला असेल. पण इथे देवीच्या बांगड्या झिजून गेल्या, त्रिशूळाची टोकं बोथट झाली, आणि असुराचं तोंड तेवढं काल घडवल्यासारखं. नाकपुड्या बघा, कपाळाच्या आठ्या बघा. हे असं कसं, असं प्रत्येक पाव्हणा विचारतो. मी इथला गुरव. माझ्या बापाने मला सांगितलं तसं सांगतो.

फार पूर्वी या गावावर सुभानराव खोतांचा अंमल होता. माणूस कर्तबगार होता, उगाच नावं ठेवू नयेत. पण मानाचा भुकेला. लग्नाचा पहिला विडा त्याला, होळीची पहिली मोळी त्याची, कीर्तनाला पहिली बैठक त्याची. मयताला गेला तरी सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. स्वतःच तिरडीवर चढला नाही एवढंच. त्याच्या मनात आलं की गावाला अशी देवी आणावी जी पंचक्रोशीत कुणाकडे नाही. नदीपलीकडे काळ्या दगडाची खाण होती. तिथे धाकू पाथरवट राहायचा. त्याला काम दिलं.

धाकूने जीव ओतून देवी घडवली. त्याची बायको आवडी त्याच्या हाताखाली दागिने आणि केस कोरायची. पाथरवटांच्या बायका तेव्हा गावोगाव फिरून जात्यांना, पाट्यांना टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करत. आवडीचा हात त्यात बसलेला होता. मूर्ती होत आली, असुराचं तोंड तेवढं राहिलं. ते देवळात बसवल्यावर करू, असं धाकू म्हणाला.

घटस्थापना जवळ आली होती आणि नदीला अजून पूर होता. शेजारच्या गावातही नवं देऊळ उठत होतं, त्यांच्या आधी आपली देवी बसली पाहिजे, असा सुभानरावाचा हट्ट. धाकूने हात जोडले. "पानी उतरू दे, खोतानु. दगडाला कसली घाई?" खोतांनी ऐकलं नाही. दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर मूर्ती आडवी बांधली आणि होड्या ढकलल्या पाण्यात. मध्यावर मूर्तीचा दोर सुटला, ती घसरू लागली. धाकूने तिला खांदा दिला. मूर्ती राहिली, आणि तो तिच्याखाली होडीच्या काठावर चिरडून पाण्यात गेला.

आवडी काठावर उभी होती. सुभानरावही होता. त्याने पाण्याकडे बघितलं नाही. होड्या टेकल्याबरोबर त्याने विचारलं, "मूर्ती शाबूत आहे ना? मग वाजवा." आणि ढोल वाजले. धाकूचं प्रेत दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडलं. इथे माझा बाप सांगता सांगता थांबायचा आणि पान थुंकून यायचा. मी पान खात नाही, पण राग मलाही येतो.

गावात कुजबुज सुरू झाली. ती खोतांच्या कानावर गेली. धाकूचं सुतक फिटल्यावर त्यांनी देवळात गाव गोळा केला आणि सांगितलं, "देवी बसू नये म्हणून असुराने विघ्न आणलं. धाकूचा बळी असुराने घेतला." लोकांना हे पटलं, म्हणे. पटणारच. खोताला दोष देण्यापेक्षा असुराला दिलेला केव्हाही सोपा, असुर शेतसारा वाढवत नाही.

तेव्हा बायकांतून आवडी उठली. ती रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "खोत बोलले ते खरं. माज्या घोवाला असुरानंच खाल्लं. मंग त्याला शिक्षा नको? त्याचं तोंड घडवायचं ऱ्हायलंय, ते मी घडवीन. आनि दर दसऱ्याला गावानं त्याच्या तोंडावर नारळ फोडावा."

गावाला हे आवडलं. सुभानराव तर खूशच झाला, बाई आपलंच बोलणं उचलून धरतेय. पण नारळ म्हटल्यावर त्याच्यातला मानकरी जागा झाला. "पहिला नारळ आमच्या घरचा," तो म्हणाला, "वंशपरंपरा."

"तुमचाच," आवडी म्हणाली. "पन मंग टाकीचा मान माज्या घरचा. त्या तोंडाला दुसऱ्या कुनाची टाकी लागू नये."

खोत हसले. एका विधवेला छिन्नीचा मान देऊन आपल्या घराला पिढ्यान्पिढ्या पहिला नारळ मिळतो, यात तोटा कसला? देवीला फुलं लावून कौल घेतला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. दोन्ही मान एकाच शपथेत बांधले गेले: एक मोडला तर दुसरा मोडला. ही शपथ खोतांनी स्वतःच्या तोंडाने घेतली.

आवडीने वर्षभर काम केलं. रोज जाताना त्या तोंडावर घोंगडी बांधून जायची. एरवी गावातल्या जात्या-पाट्यांना टाकी लावायची. खोतांच्या घरचं जातं त्या वर्षी जरा जास्तच वेळा टाकीला आलं, असं सांगतात. मागच्या पडवीत बसून ती छिन्नी मारायची, आणि सुभानराव झोपाळ्यावर बसला की मान वर करून बघायची.

दसऱ्याला सगळा गाव जमला. सुभानराव नवा फेटा बांधून पुढे, हातात नारळ. आवडीने घोंगडी सोडली. लोकांनी आधी दगडाकडे बघितलं, मग खोतांकडे. जड पापण्या, डाव्या भुवईवरचा व्रण, आणि तोंड अर्धं उघडलेलं. नदीच्या काठावर "वाजवा" म्हणताना उघडलं होतं तसंच.

आता बघा काय झालं. हे माझं तोंड आहे असं म्हणावं, तर धाकूला खाणारा मीच, हे कबूल केल्यासारखं. त्याने स्वतःच गावाला सांगितलं होतं ना, असुराने खाल्लं म्हणून. नारळ दुसऱ्याला द्यावा, तर मान गेला आणि शपथ मोडली.  सुभानरावाने नारळ उचलला आणि स्वतःच्याच दगडी तोंडावर फोडला. त्याच्यामागे अख्ख्या गावाने फोडले. इतक्या जोरात नारळ फुटलेले आधी कुणी ऐकले नव्हते.

त्याने मनाशी म्हटलं असेल, दगडच तो, नारळ पडून पडून झिजेल. झिजलाही. पण पुढच्या दसऱ्याआधी आवडी छिन्नी घेऊन हजर. जातं झिजलं की टाकी लावायची, तसं हेही. सुभानरावाने दाढी वाढवली. त्या वर्षी असुरालाही दाढी आली. त्याने मिशी काढली, असुराचीही गेली. बाईने सोडलं नाही, आणि का सोडावं?

शेवटी त्याने एक मोठे कीर्तनकार बुवा बोलावले. त्यांनी लोकांना समजवावं, की महिषासुर हा काही कुणी माणूस नव्हे, तो आपल्या सगळ्यांच्या आतला अहंकार आहे, हे नुसतं रूपक आहे. बुवा रंगून बोलले. म्हणाले, अहंकार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शहाण्यांनी त्याला तोंड दिलं. तो कसा दिसतो? असा दिसतो. आणि त्यांनी मूर्तीकडे हात केला. लोकांनी मूर्तीकडे बघितलं आणि मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कारण सुभानराव पहिल्या मानाच्या बैठकीवर, बुवांच्या अगदी पुढ्यात बसला होता. बिचाऱ्या बुवांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना बिदागी मिळाली नाही, म्हणे.

त्यानंतर गावाला सुभानराव दिसेनासा झाला. म्हणजे माणूस फिरत होता, पण लोकांना दिसायचा तो असुर. पोरं त्याला बघून रडायची. बायको ताट वाढून मान फिरवायची. म्हातारपणी त्याचं तोंड मिटेनासं झालं, अर्धं उघडंच राहायचं, आणि तसंच उघडं ठेवून तो मेला. दगडाने माणसासारखं दिसावं म्हणून आवडीने मेहनत घेतली. माणूस दगडासारखा दिसायला लागला तो फुकटात.

गाव म्हणाला, संपलं आता. दसऱ्याला त्याचा मुलगा नारळ घेऊन आला. आवडी तोवर वाकली होती. तिने पोराला उजेडात बसायला सांगितलं, हनुवटीला धरून तोंड इकडे तिकडे फिरवलं, आणि छिन्नी उचलली.

आजही दसऱ्याआधी आवडीच्या घराण्यातली सुगंधाबाई चिपळूणहून येते. पिशवीत तिची छिन्नी असते. पुण्याहून आताचे खोत अनिरुद्धराव येतात. भला माणूस, मला वाकून नमस्कार करतो, देवळाला पत्रे त्यानेच दिले. चुलतभावाने पहिल्या नारळावर हक्क सांगितला, तेव्हा कोर्टात जाऊन त्याने मान राखला. तो सभामंडपात बसतो, सुगंधाबाई त्याच्याकडे बघते आणि टाकी लावते. या वर्षी तिने त्याचा चष्मा कोरलाय. वाका जरा, दिसेल.

पाप एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं, हा अन्याय आहे, असं तुम्ही म्हणाल. सगळे पाव्हणे म्हणतात. पण त्याला कुणी बांधून ठेवलंय का? नारळ खाली ठेवायचा आणि म्हणायचं, हे तोंड आमचं आहे, धाकूला आम्ही मारलं. सुगंधाबाई छिन्नी डोहात टाकायला तयार आहे, तिनेच मला सांगितलंय. दर दसऱ्याला खोत नारळ उचलतात आणि सगळा गाव श्वास रोखून थांबतो. ढोलवालेसुद्धा काठी वर धरून थांबतात. खोत त्या तोंडाकडे बघतात. मग नारळ फुटतो.