घोडीवरच्या खाचा

हे कुणाला सांगणार नाही, असं मी मृण्मयीताईला दारात कबूल केलं होतं. लिहिणार नाही, असं काही म्हटलं नव्हतं.

“चाचा, या खाचा तशाच ठेवून दुरुस्ती नाही का होणार?”

हे ती तिसऱ्यांदा विचारत होती.

माझ्या आजोबांनी, म्हणजे मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या नूरचाचांनी, मांडीवरचा तंबोरा उजेडाकडे वळवला. तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीला घोडी म्हणतात. ही सांबरशिंगाची होती. तारांनी तिच्यावर चार बारीक खाचा पाडल्या होत्या. घोडीचा माथा नेमक्या उताराला घासला की तार झणझणत राहते, तीच जवारी.

तंबोरा मृण्मयीताईच्या आजीचा, वत्सलाबाईंचा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो कापडी गवसणीतच होता. आता छेडला की नुसता ‘टण्’ वाजायचा आणि विझायचा.

“खाचा घासल्याशिवाय जवारी निघत नाही, बेटा. आणि जवारीशिवाय गुंजन नाही.”

“पण या आजीच्या खाचा आहेत. तिनं वाजवून वाजवून पाडल्यात. त्या घासायच्या...?”

“मग राहू दे. असाच घेऊन जा.”

“असा कसा नेऊ? मला आजीच्या वेळचा आवाज हवाय!”

आजोबांनी कानस खाली ठेवली.

“हल्ली काय करतेस?”

ती पुण्यात एम.ए. करते, संगीतरचनेचं. तिनं बोटं मोजली. “चार कामं चालू आहेत. एक चार व्हायोलिनसाठी आहे. एक या आपल्या गल्लीच्या आवाजांवर. एका नाटकाचं संगीत. आणि एक आजीवर. ते पंधरा दिवसांत द्यायचंय, नाहीतर वर्ष जाईल माझं.”

“किती झालं?”

“सुरुवात तंबोऱ्यानं आहे. तो आवाज मिळाला की पुढचं होईल.”

“आणि बाकीची तीन?”

ती पिशवीचा बंद चाळवू लागली.

“बरं, वाचतेस काय?”

तिनं पिशवीतून तीन पुस्तकं काढली. एक ध्वनिलहरींवरचं, एक जुन्या गवयांच्या आठवणींचं आणि एक शांततेवरचं.

आजोबांनी तिसरं हातावर तोलून पाहिलं. “शांततेवर एवढं बोललाय?”

मला हसू आलं. तीही हसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. आजीच्या एका जुन्या कॅसेटमधला आवाज तिनं मोजून ठेवला होता. पडद्यावर त्याच्या आलेखाचे हिरवे डोंगर दिसत होते, लहानमोठे.

“अगदी अस्सा हवा, चाचा.”

“कॅसेट कुठल्या सालची?”

“मी चौथीत होते तेव्हाची.”

“त्या साली या खाचा नव्हत्या.”

“म्हणजे?”

“तुझी आजी दर साली नवरात्राआधी यायची. घोडी घासून घ्यायची. तू तिथं कोपऱ्यात, कोऱ्या भोपळ्यात तोंड घालून गात बसायचीस. स्वतःचाच आवाज ऐकून खुदखुदायचीस.” आजोबा त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. “मी इथं घासत असायचो. ते नाही आठवत?”

“भोपळा आठवतो,” ती हळूच म्हणाली. “त्याचा वाससुद्धा. घासणं... नाही आठवत.”

“या खाचा शेवटच्या दोन सालांच्या. तेव्हा तिला जिना उतरवत नव्हता.”

मृण्मयीताई बराच वेळ घोडीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं मान दुसरीकडे वळवली आणि तंबोरा आजोबांकडे सरकवला.

खर्र, खर्र. नखं घासल्यासारखा वास पसरला. आजोबा दोनदा कानस फिरवायचे, तार बसवून ऐकायचे, पुन्हा तार काढायचे. खाली वर्तमानपत्रावर पांढरी पूड साठत गेली. तिच्यासाठी आणलेला चहा तसाच गार झाला.

तिनं पुस्तकातला खुणेचा कागद काढून पुढे केला. “यात ती पूड बांधून द्याल?”

आजोबांनी कागद घेतला. पूड पाहिली.

आणि फुंकर मारली.

पूड उजेडात उडाली. तिच्या केसांवर बसली, माझ्या वहीवर बसली. ती काहीतरी बोलणार होती...

“वाजव,” आजोबा म्हणाले.

तिनं तार छेडली. आजोबांनी तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला. आणखी केसभर. आणि एकदम आवाज उघडला. छताला टांगलेले कोरे भोपळेसुद्धा गुणगुणतायत, असं वाटलं. मृण्मयीताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. वाजवत होती.

मग तिचा हात लॅपटॉपकडे गेला. आजोबांनी झाकण मिटलं.

“तोच आहे का, एवढं तरी बघू दे ना, चाचा...”

“वर्षभरात बिघडवून आण.”

दारात तिनं माझा हात धरला. “मी रडले, हे कुणाला सांगू नकोस हं, तहसीन.” ती गेल्यावर मी आजोबांना विचारलं, बिघडवून म्हणजे काय? त्यांनी माझ्या हातात केरसुणी दिली.

त्याला आज तेरा महिने झाले. आजोबांची नजर आता अधू झालीय, खाचा ते बोटानं बघतात. काम वेळेत दिलं, असा मृण्मयीताईचा निरोप मागेच आला होता. तंबोऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. नवरात्र आलं तसं आजोबा रोज विचारायचे, “पुण्याहून कुणी आलं का गं?” मी नाही म्हणायचे.

आत्ता पायरीवर हे लिहिता लिहिता समोर रिक्षा थांबली. आधी गवसणीचं टोक बाहेर आलं, मग मृण्मयीताई. माझ्या डोक्यावर टपली मारून ती आत गेली. गवसणीची नाडी सोडल्याचा आवाज आला, आणि मग एकदाच ‘टण्’. वाजवून वाजवून विझलेला तंबोरा ऐकून मला इतका आनंद होईल असं कधी—

“तहसीन, कानस आण!”