अजगरमामांची वेबसाइट

जंगलाची वेबसाइट अजगरमामा सांभाळायचे, त्या काळची ही गोष्ट. एकदा नदीनाल्यांच्या पाणीपातळीच्या नोंदींची भलीमोठी फाइल आली. मामांनी ती अख्खीच गिळायला घेतली.

“मामा, एकेक नोंद पुरी झाली की सांगत चला ना,” साळूताई साळिंदर काकुळतीला आली. “नदीकाठच्या बिळात माझी पिल्लं आहेत हो!”

“उथळ कुठली! सगळं पोटात गेल्याशिवाय मी तोंड उघडत नसतो.”

साळूताईने फाइलची दुसरी प्रत उघडली. पहिलीच नोंद वाचून संपताच ती ओरडली, “पूर येतोय, टेकडीवर चला!” पिल्लांसकट सगळे पळाले.

दुपारी मामांचं गिळून झालं. पोट फुगल्यामुळे जागचं हलवेना आणि पाणी तर गळ्याशी आलेलं. तरी समाधानाने ढेकर देऊन त्यांनी वेबसाइटवर लिहिलं, ‘सर्वांना कळवण्यात येते की, पूर येण्याची शक्यता आहे.’