शेवटच्या दाराची कडी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर रुसली. रुसवा लटका नव्हता, चांगला आतून लागलेला होता. आणि नवल असं की गुरू तिला एका शब्दानंही टाकून बोलले नव्हते. त्यांनी फक्त एक दार उघडलं नव्हतं.

हे दार लाकडाचं नव्हे, संगणकातलं. आता ते कसं, तेही सांगायला हवं. एका कंपनीत रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होई. कोणती पिशवी कोणत्या रक्तगटाची, ती कोणत्या रुग्णाला द्यायची, हे सारं ते सांभाळी. त्यात सुधारणा झाली की नवी आवृत्ती गावोगावच्या पेढ्यांकडे धाडावी लागे. यालाच ती मंडळी रिलीज म्हणत. काम अनेक हातांचं. पूर्वी एकाचा भाग पुढे निघून जाई आणि दुसऱ्याचा मागे राही, म्हणजे नवरदेव मांडवात आणि वऱ्हाड वेशीवर. म्हणून गुरूंनी एक यंत्रणा बसवून घेतली. तिला सारे सूत्रधार म्हणत. सूत्रधार प्रत्येकाचं काम क्रमानं पुढे नेई, आणि वाटेत जागोजागी दारं असत. ज्याचं दार त्यानं काम तपासावं, संमतीचं बटण दाबावं, हिरवा दिवा लागला की मगच पुढचं दार. शेवटचं दार खुद्द गुरूंचं.

शिष्या आईच्या दुखण्यापायी काही वर्षं घरी राहून नुकतीच कामावर परतली होती. हात आखडलेला, मन त्याहून आखडलेलं. तरी कंपनीच्या प्रमुख बाईंनी एक रिलीज पूर्णपणे तिच्या हाती सोपवलं. रविवारी दुपारी पेढ्यांतली वर्दळ कमी असते. त्या वेळात हे सुखरूप गेलं तर यापुढचीही तूच पाहायचीस, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं. पोरीनं जीव ओतला. कोणत्या भागानंतर कोणता जायचा, काही बिनसलं तर जुनी आवृत्ती परत कशी आणायची, सगळं सूत्रधारात नीट बसवलं.

त्या कचेरीत माणसं मायेची होती. इतकी मायेची की एक चाल पडून गेली होती. आपल्या माणसाचं नाव दिसलं की दार लगेच उघडायचं. तपासत बसणं म्हणजे अविश्वास, असं त्यांना वाटे. चाचणीचं दार फडतरे सांभाळत. शिष्येचं काम समोर येताच त्यांनी बटण दाबलं आणि वर म्हणाले, "तुझं काम, त्यात बघायचं काय? घरच्या पुरणात कुणी खडे शोधतं का?" तिला भरून आलं. रविवारी एकामागून एक हिरवे दिवे लागत गेले, जणू सगळे तिला हाताला धरून पुढे नेत होते.

शेवटचं दार मात्र उघडेना. तिनं वाट पाहिली. फडतरे गुरूंना म्हणाले, "सर, चहा मागवू का? म्हणजे बोट जरा हलेल." गुरू हसले. मग त्यांचं बोट हललं खरं, पण भलतीकडेच. इतरांनी उघडलेली सारी दारं त्यांनी सूत्रधारात पुन्हा बंद केली. हिरवा म्हणून एक दिवा राहिला नाही. दुपार टळली, पेढ्यांत वर्दळ सुरू झाली, आणि रिलीज जागच्या जागी राहिलं.

मंडळी चिडली. शिष्या तडक घरी गेली. साऱ्या जगानं दारं उघडली, आणि ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांनीच कडी घातली, एवढं एकच तिच्या मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गुरूंसमोर उभी राहिली. डोळे लाल, आवाज मात्र ताब्यात.

"सर, माझ्या कामात काय सापडलं तुम्हाला?"

"काही नाही. मी रात्री पुरतं वाचलं. काम चोख आहे."

"मग का अडवलंत?"

गुरूंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हणाले, "बस आधी. हे बघ बाळ, घराचं आढं चढवताना खाली उभे असलेले सगळेच जोरात 'हैशा' म्हणतात. आवाज ऐकून वाटतं, केवढे हात लागलेत. पण आढं घसरलं की कळतं, भार एकाच्याच खांद्यावर होता. काल सगळ्यांनी तुझं तोंड पाहून 'हो' म्हटलं. ती माया होती, संमती नव्हती. उद्या एखाद्या पेढीत काही अडलं असतं, तर त्यातल्या कुणालाच आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. तू एकटी पडली असतीस. तुझ्या कामावर माझा भरवसा आहे, पोरी. तुला एकटीला सोडायची माझी तयारी नव्हती."

शिष्या खुर्चीत बसली. मग तिनं विचारलं, बाईंना काय सांगू? गुरू म्हणाले, की ते मी सकाळीच सांगून आलोय, उशीर माझ्यामुळे झाला. त्यांनी पुढचा रविवार दिला आहे.

त्या आठवड्यात एकेक जण आपलं दार उघडण्याआधी काम समजून घ्यायला तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. फडतरे तर आले ते कुरकुरतच, की म्हातारपणी परीक्षा द्यायला लावली. पण बसले, आणि मग उठेनात. हे असं का केलंस, ते इथे का ठेवलंस, विचारत राहिले. कधी तिला उत्तर देता आलं, कधी दोघांनी मिळून शोधलं.

पुढच्या रविवारी दारं सावकाश उघडली. शेवटचं दारही उघडलं, आणि नवी आवृत्ती निघाली.

घटकाभरानं एका आडगावच्या पेढीतून फोन आला. पिशवीवर लावायच्या चिठ्ठ्या अर्धवट छापून येत होत्या, रक्तगटाचं अक्षर निम्मं कापलं जात होतं. शिष्या उठेपर्यंत पलीकडच्या टेबलावर फडतऱ्यांनी फोन घेतलाही होता. "ताई, घाबरू नका. तुमचं छपाईयंत्र जुन्या बनावटीचं असणार. चिठ्ठ्यांचा तो भाग आम्ही पाहिलाय. छापलेली एकही चिठ्ठी पिशवीला लावू नका." तोवर दुसऱ्या कुणी सूत्रधारातून तेवढी एक पेढी जुन्या आवृत्तीवर नेली होती, आणि तिसरा दुरुस्तीला बसला होता. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

प्रमुख बाई दारातून हे पाहत होत्या. जाताना शिष्येला म्हणाल्या, पुढच्या महिन्याचं रिलीज कसं करायचं ते उद्या तुझ्याकडूनच ऐकते.

शिष्या तशीच उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिला करायला काही उरलंच नव्हतं. तिनं गुरूंकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते, खोलीतली धांदल ऐकत होते.

ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचं काम आधी नीट पाहावं. मग 'हो' म्हणावं.