गाळ ओळखणारा नावाडी

फार पूर्वी, मासेसुद्धा माणसांशी बोलत त्या काळी, एका खाडीवर एक नावाडी होडी चालवायचा. खाडी दिसायला साधी, पण भारी खट्याळ. पाण्याखाली कुठे खडक, कुठे वाळू. खोल वाट तेवढी एकच, तीही नागमोडी. नावाडी बांबू तळाला टेकवायचा, टोकाला लागलेला गाळ बोटांनी चोळायचा आणि म्हणायचा, "आता डावीकडे."

एकदा त्यानं जाळ्यात अडकलेला सोनेरी मासा सोडवला. मासा म्हणाला, "दादा, तुमचे उपकार झाले. आजपासून मी पुढे पोहेन, तुम्ही फक्त मागून या."

मासा तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. नावाड्याची चैन झाली! बांबू होडीत आडवा पडला, लोक त्यावर ओल्या पिशव्या टांगू लागले. नावाडी सोनेरी शेपटीवर नजर ठेवून गप्पा हाणायचा.

एके सकाळी तो नऊ माणसांना घेऊन निघाला. त्यात बाळंतपण उरकून सासरी निघालेली त्याची लेक होती, मांडीवर तान्हं बाळ. आदल्या दिवशी डोंगरात पाऊस झाला होता. होडी मध्यावर आली आणि गढूळ पाण्याचा लोंढा आला. मासा दिसेनासा झाला. पाठोपाठ धुकं उतरलं, दोन्ही काठ गेले. त्यात ओहोटी लागलेली. पाणी होडीला समुद्राकडे ओढू लागलं. खाडीच्या तोंडाशी खडकांवर लाटा फुटल्याचा आवाज येत होता.

नावाड्यानं घाईघाईनं बांबू टेकवला, गाळ चोळला. काहीच कळेना! हजारदा चोळलेला गाळ त्याला परका वाटला.

"बाबा, कुठे आलो आपण?" लेकीनं विचारलं.

"मला ठाऊक नाही गं पोरी," तो म्हणाला.

होडीत एक म्हातारी होती. रोज ओहोटीला खाडीत उतरून ती तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, वेचायची. "आण इकडे," ती करवादली. तिनं गाळ चिमटीत धरला. "अरे, बारीक वाळू आणि शिंपल्यांचा चुरा! हा तर तिसऱ्यांचा पट्टा. रोज इथेच पाय रुततात माझे. आता तू सांग, इथून खोल वाट कुठल्या अंगाला?"

नावाड्यानं डोळे मिटले. "समुद्राकडे तोंड केलं की... उजव्या हाताला. तिथे काळा, चिकट गाळ लागायचा."

"मग बघत काय बसलास? मार वल्हं!"

थोडं पुढे जाऊन त्यानं बांबू टेकवला. वाळू. आणखी पुढे, पुन्हा वाळू. तिसऱ्यांदा बांबूच्या टोकाला काळाकुट्ट गाळ आला आणि नावाडी लहान मुलासारखा ओरडला, "सापडली!"

टेकवत, चोळत होडी एकदाची धक्क्याला लागली. लोक हसत-रडत उतरले. नावाडी चिखलातच मटकन बसला आणि नातवाला छातीशी धरून म्हणाला, "सुटलो रे बाबा, सुटलो!"

दोन दिवसांनी पाणी निवळलं. मासा ओशाळून वर आला. "दादा, मी सोडून गेलो नव्हतो. पुढेच होतो."

"ठाऊक आहे रे. चूक तुझी नाही. पण आता दर वळणावर आधी मी सांगणार, मग तू वळायचं."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर शेपटी हलव."

पहिल्या दिवशी माशानं सात वेळा शेपटी हलवली. महिना संपता संपता एकदाही नाही.

तात्पर्य एवढंच: वाट दाखवणारा सोबत खुशाल असावा, पण वाट ओळखायचं काम त्याच्या गळ्यात टाकून आपण मोकळं होऊ नये.